दोन पिंगळे

मराठींत एखाद्याला घुबड म्हटलें तर तो भांडायला उठेल. इंग्रजींत म्हटलें तर कदाचित् मनांतून सुखावेल. एकाच पक्ष्याविषयीं दोन भाषांनीं इतकीं निराळीं मतें करून घ्यावींत, याची इंग्रजी शिकवितांना मला नेहमींच मौज वाटत आली आहे. ग्रीक लोकांनीं घुबडाला अथीने या बुद्धीच्या देवतेपाशीं नेऊन बसविलें व अथेन्सच्या नाण्यांवर त्याचें चित्र उमटविलें. आपल्याकडे बंगाली बांधवांनीं त्याला लक्ष्मीचें वाहन केलें. आपण मराठी माणसांनीं मात्र त्याला दिवाभीत असें नांव देऊन वर एक धमकीही त्याच्याशीं जोडून ठेविली: घुबडाला दगड मारला तर तें तो उचलून नदीवर नेतें, उगाळीत बसतें, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणाराही झिजत जातो. लहानपणीं आजीच्या तोंडून हें ऐकलेल्या आमच्या पिढीनें घुबडावर प्रेम केलें नाहीं, पण दगडही मारला नाहीं. पक्ष्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हा व्यवहार कांहीं वाईट नव्हे.

या सगळ्या कुळांत आपल्या लोकांनीं जवळ केला तो एकटा पिंगळा. भल्या पहांटे कुडमुडें वाजवीत दारीं येणारा व भविष्य सांगून पसाभर धान्य घेऊन जाणारा भिक्षेकरीही आपल्याकडे पिंगळाच. झाडावरच्या पिंगळ्याची भाषा त्याला उमगते व तिच्यांतून तो घरच्यांचें बरेंवाईट सांगतो, अशी समजूत. संतांच्या भारुडांनींही या पिंगळ्याला दारीं आणून उभा केला आहे. पाखराचें नांव माणसाला मिळावें आणि त्यांत त्याचा उपमर्द नसावा, असें भाग्य किती पाखरांना लाभलें? पोपट आणि कावळा हीं नांवें आपण माणसांना देतों तीं निराळ्या हेतूनें.

मी गेलीं पंचवीस वर्षें उस्मानपुऱ्यांत राहतों. क्रांति चौकाकडून रेल्वे स्टेशनाकडे जाणाऱ्या वाहनांचा गजबजाट संध्याकाळीं ऐन भरांत आला, कीं त्याच सुमारास शेजारच्या आवारांतील जुन्या कडुलिंबाच्या ढोलींतून पिंगळ्यांची जोडी बाहेर येते. पिंगळा म्हणजे वीतभर उंचीचा, करड्या-तपकिरी अंगाचा, डोक्यापासून पाठीपर्यंत पांढरे ठिपके शिंपडलेला पक्षी. पिवळे धमक डोळे आणि त्यांवर पांढऱ्या भुवया. अनोळखी माणूस दिसला म्हणजे तो मान वर-खालीं करून असें न्याहाळतो, कीं चष्मा विसरून आलेल्या परीक्षकाची आठवण व्हावी. मग दोघांची किलबिल सुरू होते. तिला किलबिल म्हणणें हें सौजन्य झालें. वस्तुतः तें कडाक्याचें भांडण असतें, आणि जसें उसळतें तसेंच तें क्षणांत मिटतें. रस्त्यावरच्या दिव्याभोंवतीं जमणारे किडे व पतंग, कुंपणाच्या कडेचे उंदीर, भिंतीवरच्या पाली हा त्यांचा संसाराचा शिधा. या शहराला आजवर खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर अशीं नांवें मिळालीं. इतक्या इतिहासांत पिंगळ्यानें आपला पत्ता बदलला नाहीं. झाडाची ढोली हाच त्याचा पत्ता.

शास्त्रज्ञांच्या दप्तरीं त्याचें नांव ‘ॲथीनी ब्रामा’ असें आहे. टेमिंक नांवाच्या डच पंडितानें १८२१ मध्यें त्याची जाति प्रथम वर्णिली, तेव्हां आपल्या ब्रह्मदेवाचें नांव तिला दिलें; पुढें ज्या प्रजातींत ती गणली गेली तिचें नांव अथीनेवरून पडलेलें. ग्रीक बुद्धिदेवता आणि सृष्टिकर्ता ब्रह्मदेव अशीं दोन दैवतें वीतभर देहावर वागवीत हा पक्षी आमच्या गल्लींत झुरळें धरतो, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

गेल्या वर्षीं या झाडावर प्रसंग आला. तें आवार माझें नाहीं. तेथील वृद्ध मालक वारले. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. जुनें बैठें घर पाडून तेथें चार मजली इमारत उभी करावयाची, तळमजला आईसाठीं ठेवावयाचा व बाकीच्या मजल्यांच्या उत्पन्नांतून खर्च भागवावयाचा, असा त्याचा बेत आहे. आणि तो कोणाही समंजस मुलाचा असावा तसाच आहे. कडुलिंब मात्र नेमका नकाशाच्या मधोमध येतो. १९७५ च्या कायद्याप्रमाणें शहरांतलें झाड परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. त्यानें रीतसर अर्ज केला, आणि शेजाऱ्यांच्या कांहीं हरकती असतील तर आधींच ऐकून घ्याव्यात म्हणून तो स्वतः माझ्याकडे आला. मीं ढोलीची गोष्ट काढली. हातांतला चहाचा कप खालीं ठेवून त्यानें अगदीं मनापासून विचारलें, “काका, हा पक्षी दुर्मिळ आहे का? तसें असेल तर मी नकाशा बदलून घेतों.”

“नाहीं,” मी म्हणालों, “मुळींच नाहीं.”

“मग?”

या दोन अक्षरी प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं चहाच्या वेळांत देऊन संपण्यासारखें नव्हतें. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. किंबहुना सारें जग आज याच प्रश्नावर चाललें आहे. सोनें महाग कां, तर तें थोडें म्हणून. मग पक्ष्याला निराळा न्याय कां लावावा? आणि योगायोग असा, कीं आमच्या पिंगळ्याचा एक सख्खा भाऊबंद याच महाराष्ट्रांत आहे, कीं ज्याच्याविषयीं तोच प्रश्न विचारला असता तर उत्तर अगदीं उलट द्यावें लागलें असतें. त्याचें नांव रानपिंगळा. या दोघांची कुंडली शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्याशिवाय त्या “मग?”चें उत्तर मिळणार नाहीं असें मला वाटलें.

रानपिंगळ्याची नोंद उशिरां झाली. १८७२ च्या डिसेंबरांत ब्लूइट नांवाच्या गृहस्थाला आजच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझरच्या मुलखांत त्याचा पहिला नमुना मिळाला, आणि १८७३ मध्यें ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्यूमसाहेबाला आपण ओळखतों तो १८८५ च्या राष्ट्रीय सभेचा एक जनक म्हणून. परंतु त्यापूर्वीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्राहक म्हणून तो विख्यात होता, आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हें पक्षिशास्त्राचें नियतकालिकही त्यानेंच चालविलें होतें. हा नवा पक्षी आमच्या पिंगळ्याहून किंचित् मोठा व अंगानें भरदार. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहींत. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखालीं पोट शुभ्र. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. चोच मोठी, पंजे बळकट आणि त्यांवर पांढरीं पिसें. स्वभाव तर अगदींच उलटा. पिंगळा संध्याकाळची वाट पाहतो. रानपिंगळा दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे हलवीत सरड्यांवर नजर ठेवतो. दिवाभीत हें नांव निदान त्याला तरी लावतां येणार नाहीं. हे सारे भेद पाहून ह्यूमनें त्याला अथीनेच्या घरांत न ठेवतां स्वतंत्र प्रजाति बहाल केली. तिचें नांव ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळें घुबड’.

पुढें जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला हा पक्षी आपल्या पश्चिम खानदेशांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं मिळाला. त्यानें १८८४ मध्यें घेतलेला नमुना अखेरचा ठरला. जगांतील सर्व संग्रहालयें धुंडाळलीं तरी या जातीचे अवघे सात खरे नमुने. त्यानंतर पक्षी असा नाहींसा झाला, कीं अनेकांनीं त्याला मेल्यांत जमा केलें. सालीम अली व त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ले यांनींही त्याचा शोध केला, पण तो हातीं लागला नाहीं.

या कथेंत एक खलपुरुषही आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी पक्षिशास्त्रांत मोठें नांव मिळवून होता. त्याच्या संग्रहांत रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्यावरील चिठ्ठींत १९१४ साल व गुजरातेंतील मांडवी हें ठिकाण लिहिलेलें होतें. साहजिकच शोध करणारांनीं मांडवीची वाट धरली. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें जुने नमुने बारकाईनें तपासले, तेव्हां त्यांना या कर्नलाच्या चिठ्ठ्यांचा विश्वास वाटेना. मांडवीची नोंद त्यांनीं बाजूला सारली व केवळ खऱ्या नोंदींच्या आधारें १९९७ च्या नोव्हेंबरांत बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या हिंदुस्थानांत आल्या. पूर्वेकडे छत्तीसगड-ओडिशाच्या मुलखांत कांहीं हातीं लागलें नाहीं. मग ते खानदेशांत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. मध्यंतरीं एकशें तेरा वर्षें गेलीं होतीं. १९९९ मध्यें रासमुसेन व निगेल कॉलर यांनीं पुराव्यानिशीं दाखवून दिलें, कीं कर्नलाचा नमुना म्हणजे डेव्हिडसननेंच पूर्वीं मिळविलेला, ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, नव्यानें भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला पक्षी होता.

मी साहित्याचा विद्यार्थी असल्यामुळें मला या हकीकतींत पाठशुद्धीची गोष्ट दिसते. आमच्यापासून दीड तासाच्या वाटेवर पैठण आहे. तेथें नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनीं घुसडलेल्या ओव्या दूर करून मूळ पाठ हातीं दिला. खोट्या ओवीनें जशी अर्थाची वाट चुकते, तशी एका खोट्या चिठ्ठीनें पक्ष्याची वाट चुकली होती. क्षेपक काढून टाकतांच खरा पक्षी, जेथें शेवटीं दिसला होता त्याच मुलखांत, जागच्या जागीं सांपडला. हरवला होता तो ग्रंथांतून, सातपुड्यांतून नव्हे. तेथील भिल्ल व पावरा बांधवांच्या शेतांच्या कडेला तो या सगळ्या काळांत आपले सरडे धरीतच असला पाहिजे.

यानंतर अभ्यासक मंडळी रानांत जाऊं लागली. तोरणमाळ, मेळघाट, यावल, मध्य प्रदेशांतील खांडव्याकडील जंगलें अशा ठिकाणीं रानपिंगळा दिसूं लागला. २०१४ मध्यें तर मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यांतही तो आढळला. आणि २०१८ या एकाच वर्षीं त्याच्या कुंडलींत दोन मोठे फेरफार झाले.

पहिला फेर वर्गीकरणाचा. ह्यूमचें ‘निराळें घुबड’ खरोखर निराळें कीं अथीनेच्याच घरचें, हा वाद शंभरांहून अधिक वर्षें चालला होता. कवटी पाहणारे म्हणत, निराळें. एकंदर ठेवण पाहणारे म्हणत, घरचेंच. २०१८ मध्यें भारतीय संशोधकांच्या एका गटानें जनुकांचा पुरावा तपासून निकाल दिला, कीं रानपिंगळा हा अथीनेच्याच वंशवृक्षावरची एक शाखा आहे. म्हणजे आमच्या कडुलिंबावरचा भांडखोर पिंगळा आणि ज्याच्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून माणसें आलीं तो रानपिंगळा, हे एकाच घराण्यांतले. स्वभाव निराळे, नशीब निराळें; आडनांव एक.

दुसरा फेर संरक्षणाच्या श्रेणीचा. जगांतील जीवजातींची एक लाल यादी आहे. तींत ‘अल्पतम चिंता’ या पायरीपासून ‘नामशेष’ या शेवटच्या पायरीपर्यंत उतरत्या श्रेणी आहेत. रानपिंगळा पुष्कळ वर्षें ‘अतिसंकटग्रस्त’ होता; २०१८ मध्यें त्याला ‘संकटग्रस्त’ या एक पायरी बऱ्या श्रेणींत आणलें. हें वाचून पक्षी वाढले असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु झालें तें निराळेंच. पक्षी नव्हे, त्यांना पाहणारे वाढले. नवीं ठिकाणें कळलीं, आणि पूर्वींचा अंदाज फार कमी होता असें दिसून आलें. आजचा अंदाज प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान असल्याचा आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला याहून अधिक मंडळी जमते. त्यांतही सागाचीं विरळ जंगलें तोडलीं जात आहेत, रानांत शेतें शिरत आहेत, आणि जादूटोण्यासाठीं घुबडांचे अवयव व अंडीं नेलीं जात असल्याचें अभ्यासकांनीं नोंदविलें आहे. तेव्हां १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्याला पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें आहे, हें योग्यच झालें.

आमच्या पिंगळ्याच्या नांवापुढें त्याच यादींत ‘अल्पतम चिंता’ असें लिहिलें आहे. हे शब्द मीं पुष्कळ वेळां मनाशीं घोळविले आहेत. व्याकरणाच्या अंगानें पाहिलें तर हें पक्ष्याचें विशेषण नव्हेच. चिंता आपली, पक्ष्याची नव्हे. ‘ही जाति आज जगांतून जाण्याच्या बेतांत नाहीं’ एवढाच त्याचा अर्थ. ‘हिच्याकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं’ असा अर्थ त्या शब्दांत नाहीं. तो आपण आपल्या सोयीनें काढतों. वैद्यानें नाडी पाहून ‘घाबरण्यासारखें कांहीं नाहीं’ म्हटलें, म्हणून घरच्यांनीं माणसाला उपाशी ठेवावें असें होत नाहीं.

आणि विपुलतेचा भरंवसा किती धरावा? १९८५ च्या सुमारास पांढऱ्या पाठीचें गिधाड हा जगांतील बहुधा सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी मानला जाई. माझ्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें, कीं आकाशांतून तीं उतरत. त्यांची मोजदाद करावी असें कुणाच्या मनांतही येत नसे. पुढें गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीचीं हजारांत एक उरावें इतकीं गिधाडें घटलीं. गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली २००६ मध्यें. म्हणजे यादीनें हांक मारली तोंवर माळ ओस पडले होते. यादीचा यांत दोष नाहीं. यादी घडलेलें नोंदविते. विपुल असलेलें विपुल ठेवण्याची वेळ मात्र तें विपुल असतांनाच असते, आणि ती वेळ कोणत्याही यादींत लिहिलेली नसते.

तेव्हां त्या तरुणाच्या “मग?”ला माझें पहिलें उत्तर असें आहे. पिंगळा स्वतः ढोली कोरीत नाहीं. सुताराची चोच त्याला नाहीं. वठलेल्या फांदीपाशीं झाडाला पडलेलें भोंक किंवा जुन्या भिंतींतलें खिंडार हेंच त्याचें घर. एका झाडाच्या बदल्यांत पांच रोपें लावण्याची तयारी त्यानें दाखविली, व ती प्रामाणिक होती. परंतु रोपाला सांवली यायला दहा वर्षें लागतात. ढोली पडायला माणसाचें अर्धें आयुष्य जातें. उस्मानपुऱ्यांतलीं जुनीं झाडें एकामागून एक गेलीं, जुने वाडे पडून त्यांच्या जागीं गुळगुळीत भिंती उभ्या राहिल्या, तर जगांत पिंगळा विपुलच राहील; फक्त तो येथें नसेल. आणि प्रत्येक मोहल्ल्याचा हिशेब असाच झाला, तर मग तो नक्की कोठें विपुल असेल?

दुसरें उत्तर थोडें अवघड आहे. दुर्मिळता हा एक गुण आहे असें आपण धरून चालतों. वस्तुतः ती एक दुरवस्था आहे. रानपिंगळा आज मोलाचा वाटतो तो त्याच्यावर संकट आलें म्हणून, आणि ज्या दिवशीं तो सातपुड्यांत सर्वत्र दिसूं लागेल, तो दिवस त्याच्या अपमानाचा नसून आपल्या यशाचा असेल. मग जी स्थिति एका भावासाठीं आपण देवापाशीं मागतों, तीच दुसऱ्याला लाभली आहे म्हणून त्याचें घर तोडण्याला ती कारण कशी होईल? घरांत एक मूल आजारी पडलें तर त्याच्या उशाशीं बसावें हें खरें. पण निरोगी मुलाचें जेवण त्यामुळें बंद होत नाहीं.

आणि तिसरें उत्तर मीं त्याला सांगितलें नाहीं, कारण तें कायद्याच्या कामीं येणारें नाहीं. रानपिंगळा मीं पाहिलेला नाहीं. तो आहे एवढ्यानें मला समाधान वाटतें. त्याच्यासाठीं एखाद्या संस्थेला वर्गणी देतां येईल, विद्यार्थ्यांना त्याची गोष्ट सांगतां येईल. हें सारें दुरून करावयाचें प्रेम आहे, आणि दुरून केलेल्या प्रेमाला खर्च थोडा पडतो. पिंगळा शेजारीं आहे. त्याच्यासाठीं कुणाला तरी नकाशा बदलावा लागेल, एखादी खोली लहान करावी लागेल, कदाचित् त्या आईची तळमजल्यावरची पूर्वेची खिडकी सोडावी लागेल. तो खर्च माझा नसून दुसऱ्याचा आहे, याचा मला विसर पडलेला नाहीं. म्हणूनच त्या मुलाला मीं एवढेंच म्हटलें, कीं आराखडा काढणाऱ्यास घेऊन एकदां झाडाखालीं या. जिना दुसरीकडे नेऊन खोड वांचतें का तें पाहूं, आणि त्यासाठीं जो जादा खर्च येईल त्यांतला कांहीं वांटा गल्लीनें उचलावा असें मी शेजाऱ्यांना सांगेन. तो “पाहतों, काका” म्हणाला. त्याचा अर्ज अजून निकालांत निघालेला नाहीं.

हरकतीचें पत्र लिहितांना मला कांहीं मंडळींनीं सल्ला दिला, कीं पक्षी दुर्मिळ आहे असें मोघम लिहून टाका; कोण तपासायला येतो? खोट्या चिठ्ठीनें एका पक्ष्याचें काय झालें हें ठाऊक असल्यावर तसें लिहिणें मला शक्य नव्हतें. मीं लिहिलें: “सदर पक्षी दुर्मिळ नाहीं. तो येथील रहिवासी आहे.” या दोन वाक्यांखालीं आतांपर्यंत गल्लींतल्या अकरा जणांनीं सह्या केल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांनीं पिंगळा दुर्मिळ आहे कीं नाहीं हें विचारलेंच नाहीं. तो रोज कोणत्या वेळीं बोलतो, तेवढें मात्र प्रत्येकानें मला आपापल्या परीनें सांगितलें.